गरगट्ट्याला कुणाची मूठ

गरगट्टा म्हणजे मिळतील त्या पाच-सहा पालेभाज्या, तुरीची डाळ आणि शेंगदाणे एकत्र शिजवून घोटायचे, वरून लसणाची फोडणी. आमच्याकडं तो भाकरीशी खातात. बायको गेल्यापासून मी तो खाल्ला नव्हता. मुलगा मला इथं जर्मनीत, बाड हॉम्बुर्गला घेऊन आला. पोटाला कमी नाही. पण एके दिवशी जेवताना तिच्या गरगट्ट्याची चव आठवायला गेलो, तर येईना. चेहरा फोटोत आहे, आवाज मुलाच्या फोनमध्ये आहे. चव कुठंच नाही. मी घाबरलो.

सुनेला म्हणालो, "शनिवारी गरगट्टा मी करणार."

"बाबा, तुम्ही? तुम्हाला गॅस तरी पेटवता येतो का?"

"इथं गॅस आहेच कुठं? बटण तर दाबायचंय."

कृती तिच्याकडं होती. नातीच्या वेळी हिच्या बाळंतपणाला आम्ही दोघं इथं आलो होतो, तेव्हा सासूला विचारून तिनं वहीत उतरवलेली. मला वाचून दाखवली. डाळ एक वाटी, पालक चार मुठी, इतर पाला तीन मुठी, चुका एक मूठ.

शनिवारच्या बाजारात पालक मिळाला. इथले लोक नवलकोल घेताना पाला पिरगळून पेटीत टाकून जातात, तो मी उचलला. विकणारी बाई काहीतरी बोलली. मी "जा, जा" म्हणालो, म्हणजे हो हो. चुक्यासाठी मात्र इथल्या हिरव्या सॉसची पुडी घ्यावी लागते. कागदात सात तऱ्हेचे पाले, त्यातला एक आंबट. हे बायकोनं शोधलं होतं. भर बाजारात पान चावून ओरडली होती, "अहो, हा तर चुकाच की!" मी म्हणालो, "हळू बोल, लोक बघतायत." ओरडू द्यायचं होतं तिला.

बायकोला एक पुडी पुरली होती, माझ्या एका मुठीला दोन लागल्या. तेव्हाच कळायला हवं होतं.

शिजवलं, घोटलं, फोडणी दिली. नातीनं चमचा तोंडाला लावला आणि म्हणाली, "ईगिट्!" शी म्हणायची ही जर्मन तऱ्हा. खरंच होतं तिचं. नुसता आंबट चारा.

सून पातेल्यात डोकावली. "बाबा, पाला कुणाच्या मुठीनं घेतलात?"

"माझ्या. शेजाऱ्याच्या घेऊ?"

"अहो, त्या मुठी आईंच्या आहेत! तुमच्या एकीत त्यांच्या दोन बसतील." तिनं आपली मूठ पुढं केली. "त्यांनी माझ्या मुठीला मूठ लावून बघितली होती. सारख्याच निघाल्या."

मी गवंडी. जन्मभर विटा उचलल्या, भिंती विती-हातानं मापल्या. पंचेचाळीस वर्षं त्या बाईच्या हातचं खाल्लं आणि तिची मूठ केवढी, ते मला ठाऊक नाही. मी हात बघितलाच नाही कधी. ताट बघायचो. पहिला घास घेतला की म्हणायचो, "मीठ कमी आहे." ती म्हणायची, "ताटात वाढलंय, घ्या."

सुनेच्या मुठीशेजारी माझी मूठ धरून बघितली. मग म्हणालो, "मालात वाळू जास्त झाली तर सिमेंट वाढवतात. आणखी एक वाटी डाळ शिजव."

डाळ शिजली, पातेल्यात ओतली, मीठ टाकलं, पुन्हा घोटलं. सुनेनं भाकरी थापल्या. मी पहिला घास घेतला आणि चव आली. तीच. चुक्याचा आंबटपणा मागून येतो, तसाच आला. डोळे भरले. नात बघत होती म्हणून काहीतरी बोलायला हवं होतं. तोंडातून सवयीनं निघालं, "मीठ कमी आहे."

सून भाकरी उलटत होती. मागं न बघताच म्हणाली, "ताटात वाढलंय, घ्या."

मीठ घेतलं नाही. बरोबर होतं. तेव्हाही बरोबरच असायचं.