लिंबाच्या पाण्यात राहिलेला मुरलीधर

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. "दोन माणसांना बोलायचं असलं की मधे एक बाई लागायची. ती बाई मी," असं त्या अजून ऐटीत सांगतात. लग्न केलं नाही. कोणी फारच खोदून विचारलं तर म्हणतात, "लाइन एंगेज होती."

निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा बरोबर दोन ट्रंका, एक गजराचं घड्याळ आणि वीतभर उंचीचा पितळी मुरलीधर होता. ट्रंका माळ्यावर गेल्या, घड्याळ त्यांच्या उशाशी, आणि मुरलीधर थेट देवघराच्या मधोमध. माझ्या लक्ष्मीला जरा सरकावं लागलं. वहीत खोटं कशाला लिहू, तेव्हा मला ते लागलं होतं. पण पुढे दर शुक्रवारी दोघी मिळून देव घासायला बसू लागलो आणि ते कधी निवळलं, कळलंही नाही.

त्यांची पद्धत ठरलेली. जमिनीवर जुनं वर्तमानपत्र, त्यावर पातेलं, पातेल्यात लिंबू आणि मीठ घातलेलं पाणी. देव त्यात पाच मिनिटं, सहावं नाही. मग साध्या पाण्याने तीनदा धुवायचे आणि लगेच मलमलीच्या फडक्याने टिपायचे, नाहीतर थेंबांचे डाग राहतात. चेहऱ्यावर ब्रश अजिबात नाही. टिपता टिपता त्या बोलत राहायच्या.

"सोन्याचा देव असता ना, तर तू वर्षभर त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नसतंस. पितळ मुद्दाम काळं पडतं. आठ दिवस झाले की म्हणतं, ये बाई, मला हात लाव."

"आणि हा पाय असा तिरका का हो?"

"एक पाय रोवलेला, एक नुसता टेकवलेला. अर्धा आपल्यात, अर्धा निघायच्या तयारीत. म्हणून तर मागे गाय उभी केलीय. तिने मान लावून धरलाय त्याला."

हे कुठे लिहिलंय का, मी कधी विचारलं नाही. मला पटलं.

गेल्या पाच-सहा वर्षांत त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेला. तरी शुक्रवार चुकला नाही. बोटांनी चाचपून घासायच्या. अंगठा मुरलीधराच्या चेहऱ्यावरून फिरला की मात्र गप्प व्हायच्या. ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलायच्या. मला वाटायचं, घाबरतात. शेवटी एका सकाळी त्यांनी चहात साखर समजून मीठ घातलं, तेही ह्यांच्या. हे एक घोट घेऊन उठले आणि सरळ डॉक्टरांची वेळ ठरवून आले. "ताई, आता माझ्या जिवावर बेतलंय," म्हणाले.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन मंगळवारी दुपारी होतं. डोळा उघडला की देव लखलखीत दिसावेत म्हणून मी त्या सकाळी एकटीच घासायला बसले. बाकीचे देव पुसून झाले. मुरलीधर तेवढा पाण्यात होता, कारण गाईच्या पायांमधला काळेपणा लवकर निघत नाही. तेवढ्यात दवाखान्याचा फोन. आधीचा पेशंट आला नाही, तुम्ही लगेच या. मग काय, त्यांची साडी, कागद, रिक्षा, नुसती पळापळ. घरी आलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते.

पातेल्याकडे लक्ष गेलं. मुरलीधर गुलाबी झाला होता. तांब्याच्या तांब्यासारखा, पण निस्तेज. धुतला, घासला, पुसला. रंग जाईना.

"लिंबाचा वास येतोय," आतून वन्सं म्हणाल्या. डोळ्यावर पट्टी, पण नाक शाबूत. "किती वेळ ठेवलास?"

"पाच मिनिटं," मी म्हणाले. बारा वर्षांतलं माझं त्यांच्याशी पहिलं खोटं.

त्यांनी चाचपून उशी सारखी केली. मग म्हणाल्या, "उद्या पट्टी निघेल. देवघराचा पडदा लावून ठेव. मला त्याच्याकडे बघायचं नाहीये."

मला वाटलं, कळलंच यांना. पण त्यांचं दुखणं वेगळं होतं.

"अगं, मी त्याचा चेहरा पुसून टाकलाय. आईने दिला तेव्हा नाक कसं होतं, डोळे कसे होते! चाळीस वर्षं घासला मी. आता अंगठा फिरवते तर सगळं सपाट. नुसता गोटा. दिसत नव्हतं तोवर बरं होतं, म्हणता यायचं, असेल काहीतरी. आता दिसणार."

ऑपरेशनला पाच वर्षं का टाळाटाळ केली ते मला तेव्हा समजलं. आणि इकडे मी तो गोटा गुलाबीही करून ठेवलेला.

बुधवारी पट्टी निघाली. वन्संना जग नव्याने दिसू लागलं आणि आमची झोप उडाली. पंख्यावरची धूळ दिसली. कोपऱ्यातलं जाळं दिसलं. माझ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "अगं, तू एवढी पिकलीस कधी?" ह्यांना म्हणाल्या, "धाकट्या, तुझं पोट असंच आहे की तू मुद्दाम पुढे काढलंयस?" घरभर फिरल्या, खिडकीतून रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचल्या. पण देवघरासमोरून जाताना मान वळवायच्या. नमस्कार करायचा तो पडद्याला पाठ करून. माणूस असं करताना बघवत नाही.

गुरुवारी दुपारी वन्सं पडलेल्या पाहून मी मुरलीधर पदराखाली घेतला आणि बाजारामागच्या पॉलिशवाल्या काकांकडे गेले. दारावरच्या पाट्या, कड्या, शाळांचे कप असं सगळं ते चमकवून देतात. दुकान म्हणजे एक यंत्र, एक स्टूल आणि हिरवी-काळी पूड बसलेल्या भिंती. मी मूर्ती पुढे ठेवली.

"आंबटात राहिली," त्यांनी न विचारताच सांगितलं. "किती तास?"

"आठ."

"बापरे. लोणचं घालायचं होतं का?"

मला रडू आलं तसे ते वरमले. स्टूल पुढे केलं. "बसा हो ताई. काही गेलेलं नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा एकत्र संसार. आंबटाने वरचं जस्त रुसून निघून गेलं, तांबं एकटं उघडं पडलं. ते नखाएवढंसुद्धा खोल नाही. खाली दोघं नांदतायत."

"मग यंत्रावर धरा ना."

"यंत्रावर? आहे ते नाकही जाईल." त्यांनी एक मऊ कापड, थोडं तेल आणि खडूची बारीक पूड माझ्यासमोर ठेवली. "हाताने करायचं. तुम्ही घालवलंत, तुम्हीच आणा. गोल गोल, हलक्या हाताने."

तीन तास मी घासत बसले. मूर्तीच्या खांद्यापासून पिवळा रंग हळूहळू वर येत गेला. मनात नामस्मरण, आणि मधूनच वन्सं उठल्या असतील का ही धास्ती. शेवटी काकांनी भिंग लावून चेहरा पाहिला.

"कोणाच्या हातातला आहे?"

मी सगळं सांगितलं, गोट्याचंही.

"घासून गेलेला चेहरा मला कळतो. त्यावर बारीक चरे असतात, एका दिशेने. इथे चरा नाही. हे गंधाच्या बोटाने आणि टिपायच्या फडक्याने झिजलंय. आणि हा पाय बघा, चेहऱ्यापेक्षा जास्त झिजलाय. पाय कोणी एवढा घासत नाही. हा नमस्काराने गेलाय." मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "डोळे पुन्हा कोरून देऊ? दहा मिनिटांचं काम. पुष्कळ लोक करून घेतात."

मी मोहात पडले, हे कबूल करते. दोन स्पष्ट डोळे, आणि वन्सं खूश. पण मग आईने दिलेला तो हा राहिला नसता, आणि खोटं क्रमांक दोन माझ्या नावावर जमा झालं असतं. "नको," म्हणाले. "आहे तसाच द्या."

घरी आले तर वन्सं जाग्या होत्या, दारातच उभ्या. "पदराखाली काय?"

मी मुरलीधर काढून त्यांच्या हातात दिला. पडदाबिडदा सगळं राहिलं. त्यांनी डोळे मिटले. अंगठा सवयीने चेहऱ्यावर गेला. मी म्हणाले, "वन्सं, पॉलिशवाले काका म्हणाले, हा घासून गेलेला नाही. चरा नाही एकही. नमस्काराने आणि गंधाने गेलाय. बघा तरी."

मग त्यांनी मूर्ती खिडकीकडे नेली, उजेडात तिरकी धरली आणि डोळे उघडले. मी त्यांच्याकडे बघत होते, मूर्तीकडे नाही.

"अगं," त्या म्हणाल्या. "हा हसतोय!"

"दाखवा."

खरंच. नाक गेलं होतं, भुवया गेल्या होत्या. पण ओठांची रेघ केसाएवढी बारीक कोरलेली होती आणि तिरक्या उजेडात ती लख्ख दिसत होती. एक कोपरा किंचित वर. डोळ्यांच्या जागीही दोन पुसट कमानी.

"अंगठ्याला ही रेघ लागलीच नाही कधी," वन्सं म्हणाल्या. "एवढी बारीक रेघ अंगठ्याला कुठून कळणार! मेली मी वेडी. पाच वर्षं हा हसतोय आणि मी सुतक धरून बसलेय." हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घाईने म्हणाले, "डोळा ओला करायचा नाही, डॉक्टरांनी सांगितलंय!" तर म्हणाल्या, "डावा रडतोय, त्याला परवानगी आहे."

मला इतकं हलकं वाटलं की तिथेच जमिनीवर बसले.

पण नवा डोळा तो नवा डोळा. मूर्ती उलटीपालटी करताना थांबल्या. गाईच्या पोटाखाली, जिथे माझं कापड पोचलं नव्हतं, तिथे गुलाबी डाग होता.

"हे काय?"

मी सगळं सांगून टाकलं. फोन, रिक्षा, आठ तास.

"म्हणजे पाच मिनिटं नाहीत?"

"नाहीत."

"माझ्या ऑपरेशनपायी न्हाऊन निघाला म्हणायचा," त्या म्हणाल्या, आणि डाग पदराने एकदा पुसून तसाच राहू दिला. पडदा आपल्या हाताने सरकवला, मुरलीधर मधोमध ठेवला आणि माझी लक्ष्मी बोटभर त्याच्या जवळ ओढली.

आज शुक्रवार. मी वर्तमानपत्र पसरून पातेल्यात लिंबू पिळलं, तेवढ्यात त्या आतून गजराचं घड्याळ घेऊन आल्या. पातेल्याशेजारी ठेवलं आणि किल्ली फिरवून गजराचा काटा बरोबर पाच मिनिटं पुढे लावला.