लगद्याला टोमणा

आत्याला काहीही बोला, लागत नाही, असं घरात सगळ्यांचं ठाम मत होतं. भावजय तर तोंडावर म्हणायची, "तुमचं बरं आहे बाई ताई, गेंड्याची कातडी." आणि आत्या हसायची. हसायची म्हणजे काय, ओठ हलवायची.

सवयच लागली होती तिला तशी. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारीच्या खिडकीत बसून बसून. मधे काच, काचेला एक गोल भोक, भोकाच्या अलीकडे आत्या आणि पलीकडे अख्खं शहर. नळाला गढूळ पाणी आलं, शिव्या आत्याला. पाइप फुटला, शिव्या आत्याला. रांगेत कुणी मधेच घुसलं तरी शिव्या आत्यालाच, कारण समोर दुसरं बसलेलं असायचं कोण? "बाई, डोकं आहे का खोकं?" "अहो कुणाशी बोलताय, ती मठ्ठ आहे." आत्या मान खाली घालून तक्रार लिहून घ्यायची आणि "पुढचे" म्हणायची. तिच्या आधी त्या खुर्चीत बसणाऱ्या बाईंनी शिकवलं होतं, चेहऱ्यावर काही येऊ द्यायचं नाही. माणूस भिंतीशी भांडून भांडून किती भांडेल? ऑफिसात मग नावच पडलं, भिंत. शिपाईसुद्धा विचारायचा, "काय, आज भिंत रजेवर का?"

पण रविवारी ही भिंत बोलायची. आणि काय बोलायची!

दर रविवारी दुपारी भाचा त्याच्या मित्रांना घेऊन आत्याकडे यायचा. भावजयीला घरात पोरांचा गोंधळ चालत नाही, आणि आत्या एकटीच, बाहेरच्या खोलीत मोठं टेबल. पोरं त्यावर एक गेम खेळायची. त्यात मोबाइल नाही, स्क्रीन नाही. कागद, पेन्सिली आणि नाना कोनांचे फासे. एक जण गोष्ट सांगतो, राक्षस कुठे आहे, दार कुठे आहे, तो मास्तर. बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. भाचा मास्तर होता. पुठ्ठ्याची एक आडोशाची भिंत समोर उभी करून तो तिच्यामागे फासे टाकायचा, आणि आत्या चहा करायची, आणि दारात उभी राहून ऐकायची.

मग त्यांच्यातला एक जण नोकरीला दुसऱ्या गावी गेला. खुर्ची रिकामी. भाचा सहज म्हणाला, "आत्या, बस की तू."

सहज म्हणाला हो. पण आत्यानं हात पुसले आणि बसलीच.

"आत्या, तुम्ही योद्धा घ्या," चष्मिस म्हणाला. हा त्यातल्या त्यात गुणी पोरगा, चोर खेळायचा. "सोपं असतं. काही बोलावं लागत नाही, फक्त तलवार मारायची."

"बोलणारं कुणी नाही का?" आत्या म्हणाली.

होतं. त्याला पोरं बार्ड म्हणायची, आत्या म्हणायची भाटीण. भाटिणीकडे तलवार नावालाच. तिची जादू तोंडात. समोरच्याला असा टोमणा मारायचा की तो जागच्या जागी घायाळ. आणि या टेबलाचा एक स्वतःचा नियम होता, कुठल्या पुस्तकात नसलेला. टोमणा मारला असं नुसतं सांगायचं नाही, खरोखर तोंडानं मारून दाखवायचा. टेबल हसलं तर एक फासा जास्त.

पहिल्याच दिवशी दरोडेखोर आला. आत्यानं चष्मा नाकावर सरकवला आणि म्हणाली, "तू दरोडेखोर का दरवाजा रे? जो येतो तो ढकलून जातो." टेबल खो-खो हसलं. चष्मिसच्या नाकातून चहा आला. मग एक टोळीचा राजा आला, त्याला म्हणाली, "मुकुट कशाला घातलायस? आत काही नाही म्हणून झाकण लावलंय होय?" जास्तीचा फासा, राजा आडवा. आत्याला घरी आल्यासारखं वाटलं. घर तिचंच होतं, तरीसुद्धा. बसमधे, आंघोळीला, भाजी चिरताना ती टोमणे जुळवायला लागली. खिडकीत कुणी ओरडलं की आतल्या आत उत्तर तयार व्हायचं, आणि ती ते रविवारसाठी जपून ठेवायची. इतकी वर्षं गिळलेलं सगळं कुठेतरी कामाला येत होतं!

नाही म्हणायला एक गोष्ट खुपली होती. एकदा ती आत चहा गाळत होती आणि बाहेर त्या कायद्यानं काहीतरी म्हटलं. कायदा म्हणजे मांत्रिक खेळणारा पोरगा, प्रत्येक गोष्टीत नियम काढायचा म्हणून हे नाव. "तुझी आत्या म्हणजे एनपीसी आहे यार. चहा देते आणि तीच तीच वाक्यं बोलते." सगळे हसले. भाचाही हसला. एनपीसी म्हणजे गोष्टीतली ती माणसं, ज्यांना कुणीच खेळत नसतं. पहारेकरी, दुकानदार, खानावळवाली. त्यांना वाटलं, तिला कुठं कळतंय. पण ती दोन महिने त्याच टेबलावर बसत होती ना! न कळायला काय झालं? ती ट्रे घेऊन बाहेर आली आणि ओठ हलवले.

मग एका रविवारी पोरं आली तेव्हा बरोबर एक नवा होता. "नुसता बघायला आलाय," भाचा म्हणाला. नव्याच्या हातात फाशांची स्वतःची थैली होती आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमधे भरलेला कागद. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, बार्ड.

नुसतं बघायला कुणी फासे घेऊन येतं?

आत्यानं कागद पाहिला. भाच्यानं तिला कागद पाहताना पाहिलं आणि पुठ्ठ्याच्या मागे गेला.

गोष्ट सुरू झाली. तळघर, अंधार, ओल. बाकीचे पुढे गेले आणि मधेच लोखंडी जाळी खाली पडली. भाटीण एकटी मागे अडकली. मग भिंतीवरून काहीतरी घरंगळत आलं. "लगदा आहे," भाचा म्हणाला. "खळीसारखा. डोळे नाहीत, तोंड नाही, मेंदू नाही. नुसता सरकतो आणि अंगावर आलं ते विरघळवतो."

"टोमणा मारते," आत्या म्हणाली.

"नाही चालणार," कायदा लगेच. जणू वाटच बघत होता. "मेंदू नाही त्याला. भाषा कळत नाही. अपमान कसा होणार? दगडाला शिव्या दिल्यासारखं."

"आणि तो लांडगा? त्याला लागला होता माझा टोमणा. तो काय शाळेत गेला होता?"

चष्मिस खिक्कन हसला.

"लांडग्याला आवाज कळतो, आत्या. कुत्र्यावर ओरडलं की शेपूट घालतं की नाही? तसं," कायदा म्हणाला.

"आणि ते चालतं प्रेत? त्याच्या तर डोक्यात किडे होते. तेव्हा हाच म्हणाला होता," आत्यानं भाच्याकडे बोट केलं, "की शब्द म्हणजे नुसतं भांडं. लागते ती आतली जादू. समजलं नाही तरी लागते. म्हणाला होतास ना रे?"

"म्हणाला होता," चष्मिस म्हणाला. "मला आठवतंय."

"तू गप," कायदा म्हणाला. "प्रेताला निदान कान होते. लगद्याला कान कुठेयत?"

सगळ्यांनी भाच्याकडे पाहिलं. मास्तर म्हणेल ते खरं, असाच असतो तो गेम. भाचा पुठ्ठ्यामागे फासा बोटांत फिरवत होता. त्यानं नव्याकडे एकदा पाहिलं, मग म्हणाला, "आत्या, अगं साधी गोष्ट आहे. समोरच्याला कळतच नसेल, तर लागणार कसं?"

किती प्रेमानं म्हणाला! लहान मुलाला समजवावं तसं. आणि आत्याला एकदम सगळं लख्ख दिसलं. जाळी तिच्याच पुढ्यात का पडली. राक्षसच नेमका बिनमेंदूचा का निघाला. भाटीण मेली की खुर्ची रिकामी, नवा बसणार, आणि आत्या परत दारात, हातात ट्रे. टेबल तिचं, खोली तिची, ते त्यांना हवंच होतं. तीच तेवढी नको होती. आणि हे तिला सरळ सांगायची हिंमत नव्हती, म्हणून एक लगदा पाठवला.

"माझी पाळी आहे ना?" आत्या म्हणाली.

"हो, पण..."

"लागो न लागो. मारू तर दे."

भाच्यानं खांदे उडवले. "मार."

आत्यानं या वेळी चष्मा सारखा केला नाही. तिनं जाळीकडे, लगद्याकडे, कशाकडेच बघितल्यासारखं केलं नाही. सरळ पुठ्ठ्यावरून पलीकडे पाहिलं.

"काय रे लगद्या," ती म्हणाली. "तुला तुझा असा आकारच नाही ना? ज्या भांड्यात ओतलं त्या भांड्याचा. आईसमोर आईचा, दोस्तांसमोर दोस्तांचा. कणा घ्यायला गेला होतास तेव्हा दुकान बंद होतं का?"

चष्मिस हसायला लागला आणि मधेच थांबला.

"ज्यानं भरवलं त्यालाच विरघळवतोस. बरोबर आहे, दुसरं काही जमतच नाही. सगळ्यांना सांगत फिरतोस, कॉलेजचं वर्ष मी आपणहून सोडलं, मला ब्रेक हवा होता. सोडलं नव्हतंस. बुडालं होतं. आणि माझ्या न्हाणीघरात नळ सोडून रडत बसला होतास, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. मी दाराला पाठ लावून उभी होते. तुझ्या आईला आजवर सांगितलं नाही मी."

बोलली आणि संपली. एवढं सगळं बोलायचं नव्हतं तिला, खरंच नव्हतं! कण्यापाशी थांबायचं होतं. पण इतकी वर्षं तोंड बंद ठेवणाऱ्या माणसाला थांबायचं कुठे, हे कुणी शिकवलेलंच नसतं.

कुणी हसलं नाही. नव्यानं फोल्डर मांडीवर उलटा करून ठेवला. कायदा नियमांचं पुस्तक चाळायला लागला. भाच्याचे कान लाल झाले होते, लहानपणी ताप चढला की व्हायचे तसे, आणि आत्याच्या हाताला सवयीनं वाटलं की उठून कपाळ बघावं.

"लागलं का?" तिनं विचारलं. आवाज तिचाच, पण काचेच्या भोकापलीकडून आल्यासारखा.

भाच्यानं फासा टाकला नाही. डोळे पुठ्ठ्यावर ठेवले. "नाही," म्हणाला. "मेंदू नाही त्याला." मग घसा खाकरून, एकदम मास्तरच्या आवाजात, "लगदा अंगावर येतो. भाटीण मेली."

आत्या उठली. कप गोळा केले. एका कपात अजून चहा होता तोही नेला. आतून तिला खुर्च्या सरकल्याचं ऐकू आलं, पुठ्ठा मिटल्याचं ऐकू आलं. चष्मिस दाराशी येऊन म्हणाला, "आत्या, निघतो हं आम्ही. भाटीण भारी होती तुमची." ती नळ सोडून भांडी घासत होती. मान हलवली, वळली नाही.

पुढच्या रविवारी तिनं टेबल पुसून ठेवलं. दार नुसतं लोटून ठेवलं, कडी न लावता. जिन्यावरून वर चढणारं प्रत्येक पाऊल ऐकलं. सगळी पावलं दुसऱ्यांच्या दारात थांबली. त्याच्या पुढच्या रविवारी तिनं फोन केला. माफी मागायची होती तिला. आठवडाभर वाक्य जुळवत होती, टोमणे जुळवायची तसं, आणि एकही जमत नव्हतं. टोमण्याला निदान समोरचा कसा आहे ते माहीत असावं लागतं. माफीला आणखी काय काय लागतं, तिला माहीतच नव्हतं.

फोन उचलला गेला तेव्हा मागे हसणं चालू होतं. फासे पडल्याचा आवाज आला.

"हां आत्या, बोल."

"काही नाही रे. येणार का विचारत होते."

"अगं ते... आता याच्याच घरी खेळतो. नवा आलाय ना, त्याच्याकडे जागा आहे. तुला उगीच दर रविवारी चहापाण्याचा त्रास." मागून कुणीतरी ओरडलं, लवकर ये, तुझीच वाट बघतोय. "आत्या, राग नाही ना आला तुला?"

तिच्या तोंडात सगळं आलं होतं. माफीसुद्धा आली होती, अर्धीमुर्धी, लंगडत. "अरे, त्या दिवशी मी..." ती म्हणाली.

"कुठल्या दिवशी?" भाचा पटकन म्हणाला. इतक्या पटकन, की त्याला कुठला दिवस ते बरोबर माहीत आहे हे तिला कळलं.

आत्यानं ओठ हलवले. मग म्हणाली, "छे रे. मला कसला राग येतोय."

"हां, मग ठीक," तो म्हणाला. सुटल्यासारखा. आणि फोन ठेवला.