क्वेसारशेजारची रिकामी जागा

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. मी रेडिओ दुर्बिणीवर काम करते. जे मोजता येत नाही ते मांडायचं नाही, ही सवय. तरी लिहितेय, कारण सहकाऱ्यांना सांगायची हिंमत नाही.

आमचं घर संग्रामपूरला. बाबा शाळेत क्लार्क, काका कपाशी करायचे. बीटी बियाणं लावूनही बोंडअळी आली, तशा फवारण्या वाढल्या. एकदा वारा फिरला, औषध अंगावर आलं... तिसऱ्या दिवशी काका दवाखान्यातच वारले. काकू तेव्हापासून आमच्याकडे.

दिवाळीनंतर मी घरी आले होते. दुपारचे तीन, ओसरीत लॅपटॉप. पडद्यावर एका फार दूरच्या क्वेसारचं रेडिओ-चित्र. क्वेसार म्हणजे आकाशगंगेच्या मध्यातलं प्रचंड तेजस्वी केंद्र. चित्रात मात्र काळ्यावर नुसता एक ठिपका. त्याच्या आसपास नवे तारे जन्मताहेत का, ते मी शोधत होते. काहीच सापडत नव्हतं.

काकू कणीक मळता मळता उठून आली. नजर इतकी अधू, की सुईत दोरा ओवता येत नव्हता.

"काय पाहून राह्यली वं दिवसभर?"

"तारे कुठं जन्मतात ते."

"अन् हे कोन हाय?" तिनं ठिपक्याच्या डावीकडे, काळ्या जागेवर बोट टेकवलं.

"तिथं कोनी नाई, काकू."

"हाय ना. पाठमोरं उभं हाय. तुह्या काकावानी."

पडद्यावर कणकेचा डाग राहिला. का कोण जाणे, पुसण्याआधी मी त्या जागेचा आकाशातला पत्ता वहीत लिहून घेतला. तिथं फक्त नॉइज, म्हणजे निरर्थक खरखर, होता — तोही सरासरीहून कमीच.

पुढच्या वर्षी दुर्बिणीचा जास्त वेळ मिळाला. नवं चित्र तयार झालं, आणि काकूनं बोट ठेवलं होतं तिथंच एक अंधुक ठिपका! तारे जन्माला घालणारी आकाशगंगा, क्वेसारच्याच अंतरावर. जास्त वेळ पाहिलं की अंधुक गोष्टी दिसतात, त्यात नवल नाही. पण नेमकी तीच जागा? तीनदा तपासली. तीच.

घरी फोन लावला. मी काही बोलायच्या आत काकूच म्हणाली, "सापडला का?"

"हाव. एक हाय."

"एकटाच?"

"एकटाच."

मग ती, आज भाजी काय केली ते सांगावं इतक्या सहज म्हणाली, "पुढच्या खेपेले पाह्य. दोघं दिसतीन."

त्याच वर्षी पौषात काकू दुपारची जरा आडवी झाली, ती उठलीच नाही.

यंदाचा डेटा येऊन दोन महिने झाले. मी अजून त्याचं चित्र केलेलं नाही. सर्व्हर रिकामा नाही, असं सहकाऱ्यांना सांगते. झाल्या प्रकाराचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. त्या जागी दोन ठिपके दिसले तर काय म्हणायचं, तेही कळत नाही... आणि एकच दिसला तर मला रडू येईल, एवढं मात्र पक्कं ठाऊक आहे.