नातवंडाचं दुसरं आडनाव

कवळीवाले हे त्यांचं आडनाव नव्हे, धंदा. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक खोली होती, तिथे ते लोकांच्या कवळ्या करत. प्लास्टरचा साचा, त्यावर मेण, मेणात एकेक दात, मग घासणं आणि शेवटी चकाकी. गल्लीत सगळे त्यांना कवळीवालेच म्हणत आणि त्यांना ते मनापासून आवडे. कारण खरं आडनाव असं होतं, की पहिल्यांदा ऐकणारा "काय?" म्हणे आणि दुसऱ्यांदा ऐकल्यावर खोकल्याचं सोंग करून तोंड फिरवी. शाळेत हजेरी त्यांच्यापाशी येऊन अडायची, ती वर्ग गप्प होईपर्यंत पुढे सरकायची नाही.

चुलत भाऊ सगळे रीतसर आडनाव बदलून मोकळे झाले. कवळीवाल्यांनी घाई केली नाही. त्यांचा विचार सरळ होता: एकुलती एक मुलगी, तिचं लग्न झालं की ती सुटली, आपण गेलो की खेळ खलास. मुलगी नोकरीसाठी स्पॅनिश मुलखात गेली आणि तिथलाच नवरा करून बसली. कवळीवाले आणि त्यांची बायको लग्नाला जाऊन आली. बाकीचे डोळे पुसत होते, तेव्हा कवळीवाले मात्र दुखरी दाढ निघालेल्या माणसासारखे हलके दिसत होते.

वर्षभराने मुलीचा फोन आला. तुम्ही आजोबा होणार, म्हणाली. आईने तिथल्या तिथे लोकरीचा रंग ठरवला.

"आणि बाबा, बाळाला दोन आडनावं लागतील हं. इथे तशीच रीत आहे. पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं."

"आईचं म्हणजे?"

"म्हणजे माझं. म्हणजे आपलं."

"तुझं कुठे राहिलंय ते? तुझं लग्न झालं ना?"

"इथे लग्नाने बायकांचं आडनाव बदलत नाही, बाबा."

कवळीवाले उभे होते ते बसले. "गाळता नाही का येत?"

"मला गाळायचंच नाही. आणि इथे कुणाला त्याचा अर्थ कळतोय?"

"मला कळतो ना!"

"मग तुम्हीच बोला सासूबाईंशी. असलं काही मी भाषांतर करून सांगणार नाही."

विहीणबाईंच्या शब्दाबाहेर ते घर नाही, हे लग्नातच दिसलं होतं. त्यांना स्पॅनिशखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. तेव्हा दुसऱ्या आठवड्यात, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत चालणाऱ्या स्पॅनिशच्या वर्गात, पहिल्या बाकावर कवळीवाले हजर.

शिकवणाऱ्या बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. बाईंच्या उच्चारांच्या आधी त्यांच्या पुढच्या दोन दातांतली फट कवळीवाल्यांच्या ध्यानात आली, पण ते शहाणपणाने गप्प बसले. पहिल्या दिवशी प्रत्येकाने उभं राहून "मे यामो" म्हणून आपलं नाव सांगायचं होतं. कवळीवाल्यांनी नुसतं पाळण्यातलं नाव सांगितलं आणि बसले.

"आणि आपेयीदो? आडनाव?" बाईंनी विचारलं.

"त्याच्यासाठीच आलोय," कवळीवाले म्हणाले. "पण ते सांगायला नाही."

अभ्यास मात्र त्यांनी जीव ओतून केला. घासायच्या यंत्रावर कवळी धरायची आणि क्रियापदं म्हणायची. एकदा डॉक्टर दारात येऊन उभे राहिले, तर हे वरच्या जबड्याला "मी खातो, तू खातोस, तो खातो" असं समजावत होते. डॉक्टर आल्या पावली परत गेले.

महिना उलटला आणि बाईंनी आडनावांचा धडा घेतला. फळ्यावर आई, बाप, पोरं काढली. बापाचं पहिलं आडनाव पुढे, आईचं पहिलं मागे. हाक मारायची ती पुढच्याने.

कवळीवाल्यांनी हात वर केला. "म्हणजे नावाच्या अगदी शेवटी असतं, ते घराण्याचं आडनाव नव्हे?"

"नाही हो काका. शेवटचं आईचं."

घरी आले ते पडेल चेहऱ्यानेच. "अगं, घात झाला."

"आता काय?" बायको टाके मोजत होती.

"जावईबापूंच्या नावातलं शेवटचं आडनाव मी त्यांच्या वडिलांचं समजलो. ते निघालं विहीणबाईंचं! लग्नात सगळा वेळ मी व्याह्यांना त्यांच्या बायकोच्या आडनावाने हाका मारत होतो."

"मग? ओ देत होते ना?"

"देत होते बिचारे."

"झालं तर. मी लग्नापासून नवऱ्याच्या आडनावाला ओ देतेय. आणि ते कसलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला मेलीला कुणी बिचारी म्हटलं नाही."

कवळीवाल्यांनी स्पॅनिशची वही उघडली.

मुलीचे दिवस भरत आले, तसा कवळीवाल्यांनी धीर केला. दवाखान्याला सुट्टी होती. मागच्या खोलीत बायकोला शेजारी बसवून त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. "बाळाला आमचं आडनाव कृपा करून लावू नका" हे वाक्य झोपेतही म्हणता येईल इतकं पाठ होतं. पण आधी झाल्या चुकीची माफी मागायला हवी. ती त्यांनी मागितली.

विहीणबाई एप्रन बांधून स्वयंपाकघरात उभ्या होत्या. त्या आधी हसल्या, मग भडाभडा बोलल्या. कवळीवाल्यांना निम्मं कळलं: नवऱ्याला गंमत वाटली होती, कारण त्या आडनावाचा अर्थ मोठा मजेदार आहे. हा अर्थ काही कवळीवाल्यांना लागेना. तेव्हा विहीणबाईंनी एप्रनची नाडी स्वतःच्या गळ्याभोवती घेतली, वर ओढली आणि जीभ बाहेर काढली.

"अहो! काय बोललात तुम्ही त्यांना?" बायको किंचाळली.

"थांब, थांब. जल्लाद! त्यांचं आडनाव जल्लाद आहे!" म्हणजे लग्नाच्या जेवणावळीत ते व्याह्यांना 'जल्लादसाहेब, थोडं घ्या' असा आग्रह करत होते.

त्यांनी जमेल तशी वाक्यं जुळवली. "तुमच्याकडे लोक हसत नाहीत?"

"हसतात की."

"मग?"

"मग काय? हसून झालं की जेवतात. माझ्या आजोबांचं आहे ते. मुलाला दिलंय मी." नाडी मागे बांधत त्यांनी विचारलं, "तुमचं कसं म्हणायचं? सुनेने सांगितलं होतं, पण मला जमत नाही."

कवळीवाल्यांचं पाठ केलेलं वाक्य जिभेच्या टोकावर होतं. बायको त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी घसा साफ केला आणि आडनाव सांगितलं. मोठ्याने, पुरतं. अर्थही सांगितला.

विहीणबाई हसल्या. चांगल्या पोट धरून हसल्या. मग डोळे पुसून त्यांनी ते म्हणून पाहिलं.

"नाही, नाही," कवळीवाले म्हणाले. "ल नाही. ळ."

"ला."

"ळ! जीभ वर. अजून मागे." त्यांनी कपाटातून वरच्या जबड्याचा साचा काढला, कॅमेऱ्यासमोर उलटा धरला आणि टाळूवर बोट ठेवलं. "इथे. इथे लावा आणि सोडा."

विहीणबाईंनी तोंड उघडलं, जीभ वळवली, पुन्हा म्हणाल्या. मग पुन्हा. आख्ख्या आयुष्यात ते आडनाव इतक्या वेळा इतकं मन लावून कुणी उच्चारलं नव्हतं. शेवटी पातेलं उतू गेलं म्हणून त्यांना जावं लागलं.

"काय ठरलं मग?" बायकोने विचारलं.

"ठरायचंय काय?" साचा पुसत कवळीवाले चिडून म्हणाले. "बाळंतपण तोंडावर आलंय आणि त्यांचा ळ अजून कच्चा आहे. उद्यापासून व्याह्यांनाही बसवा म्हणावं."