अक्काचं धुळ्याला जाणं

शेजारणीनं दारातूनच सांगितलं, "अक्का गयी व माय." मी हातातली पापडाची लाटी खाली ठेवली. रडू आलं नाही, नुसता थकवा आला... महिना झाला, तो काही जात नाही.

जळगावात आमच्या गल्लीत उडदाचे पापड एकटीनं कुणी करत नाही. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं. पापडांबरोबर गल्लीतली माणसंही तिथं लाटली जातात. अक्का विधवा, मूलबाळ नाही. दर गुरुवारी एसटीनं धुळ्याला जायची, कशाला ते सांगायची नाही. एकदा लाटता लाटता मी बोलून गेले, "स्टँडवर कुणा माणसाशी बोलत होती. साडी नवी होती." एवढंच. खोटं काहीच नव्हतं. पण एकीनं मीठ लावलं, दुसरीनं मिरची, आणि पुढच्या उन्हाळ्यात अक्काला एकाही घरून पापडाला बोलावणं आलं नाही. ती आपल्या गच्चीवर एकटी लाटत बसायची. समोरच्या गच्चीवर आम्ही सात-आठजणी. लाज वाटायची, तरी मीही त्यांतच.

बऱ्याच वर्षांनी धीर करून तिच्याकडे गेले. म्हटलं, "अक्का, सुरुवात माझ्याच तोंडून झाली." ती लाटतच राहिली. म्हणाली, "माले माहीत शे." मग हळूहळू बोलली. धुळ्याला तिचा भाऊ होता, डोक्यावर परिणाम झालेला. त्याची मुलगी तेव्हा लग्नाची होती. घराण्यात वेड आहे म्हटल्यावर तिला कोण करून घेणार?

"अन् तुझं नाव गेलं, त्याचं काय?"

"माझं माझ्यापुरतं गेलं. ती नांदतेय. तिलाही आता मुलगी आहे. तू बोलू नको कुठं."

नाही बोलले. अक्काच्या दहाव्याला एक बाई कानाशी लागली, "धुळ्याचा तो आलता का गं?" खरं काय ते अगदी जिभेवर आलं होतं. एका वाक्यात अक्का सुटली असती, आणि भावाची ती नात अडकली असती. आयुष्यात पहिल्यांदा जीभ आवरली, तीही नेमकी इथं... फार थकले हो मी.

म्हणून लिहितानाही खरं नाव घातलेलं नाही. वार, गाव, नातं, सगळं इकडचं तिकडे केलंय. आमच्याच गल्लीतली कुणीतरी हे वाचून डोळे पुसेल, म्हणेल, "किती सोसलं गं या बाईनं! कोण असेल?"

मी म्हणेन, माहीत नाही बाई.