दिगंबरचं कधीही न अडणारं पिस्तूल

अमेरिकेतल्या सगळ्या मराठी माणसांत भरवशाचा असा आपण एकटेच, असं दिगंबर चांदोरकरला मनापासून वाटायचं. कॅरी गावात आमची घरं एकाच गल्लीत होती आणि आम्ही कामालाही एकाच गाडीतून जायचो, त्यामुळे हे मला रोज सकाळी ऐकून घ्यावं लागे. औषधाच्या गोळ्या बाटल्यांत भरणारी यंत्रं कुठे अडतात, का अडतात, हे शोधणं ही त्याची नोकरी. नोकरीत तो वाईट नव्हता. पण घरी आल्यावरही त्याच्यातला तपासनीस काही कोट काढून ठेवायचा नाही. बायकोची म्हणजे मालिनीची फोडणी, माझ्या गाडीचे ब्रेक, महाराष्ट्र मंडळाचा माइक, सगळ्यांत त्याला खोट दिसायची. स्वतःत कधी दिसली नाही.

पंच्याऐंशी साली गल्लीच्या टोकाच्या घरात चोरी झाली. एक टीव्ही गेला आणि दिगंबरच्या अंगात शौर्य आलं. पुढच्याच शनिवारी त्याने पिस्तूल आणलं. नाइन मिलिमीटर, जुन्या घाटाचं, सगळं पोलादी, मुठीला लाकूड. हा माणूस लहानपणी टिकल्यांच्या पिस्तुलालाही कानात बोटं घालायचा, असं त्याच्या सख्ख्या बहिणीने आम्हाला सांगितलं होतं. आता तो आल्यागेल्याला हॉलमध्ये बसवून व्याख्यान द्यायचा.

"विनय, हे डिझाइन पन्नास वर्षं चाललंय. अडतच नाही, यार! अडलं तर मॅगझीन अडतं, पिस्तूल नाही."

मॅगझीन म्हणजे मुठीत खालून सरकवायची गोळ्यांची डबी. तिच्या तळाशी स्प्रिंग असते, ती एकेक गोळी वर ढकलते. दिगंबरने बरीच मॅगझीनं घेतली आहेत असं कळल्यावर माझी बायको प्रतिमा म्हणाली होती, "मालिनीची वाचून झाली की मला दे म्हणावं."

पिस्तुलाबरोबर आलेल्या मूळ मॅगझीनमध्ये तेरा गोळ्या बसायच्या. दुकानदाराने बिचाऱ्याने सांगितलं होतं, हेच वापरा, दुसऱ्या कुणाचं घेऊ नका. पण दिगंबरने बंदुकांच्या प्रदर्शनातून वीस गोळ्यांची दोन लांबडी मॅगझीनं स्वस्तात उचलली. त्यांवर कुठल्या कारखान्याचं नावसुद्धा नव्हतं. मुठीतून ती टीचभर खाली लोंबायची. कामावर बिननावाच्या कारखान्याची झाकणं आली तर अख्खा ट्रक परत पाठवणारा हा गृहस्थ मला विचारत होता, "वीस बसतात तर तेरा कशाला घ्यायच्या?" मला हसू आवरेना. त्याला वाटलं मला पटलं.

मालिनीला मात्र हसू येत नव्हतं. त्यांची सीमा तेव्हा सात वर्षांची होती आणि घरातला एकही ड्रॉवर तिच्या हातून सुटत नसे. एका दुपारी ती रिकामं मॅगझीन घेऊन स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, इज धिस बाबाज स्टेपलर?" मालिनीच्या हातातलं उलथनं खाली पडलं. ड्रॉवरला कुलूप होतं, पण दिगंबरने किल्ली त्यालाच लावून ठेवली होती. वर सीमालाच तो रागावला, की दुसऱ्याच्या वस्तूंना हात लावू नये.

तेव्हापासून मालिनीचा एकच धोशा होता, हे घरातून जाऊ दे. दिगंबर ऐकेना. शेवटी आमच्या देखत तिने त्याला त्याच्याच शब्दांत पकडलं. "अहो, ते कधी अडत नाही ना? मग चार माणसांसमोर एकदा जरी अडलं, तर विकून टाकाल?"

"एनी टाइम!" दिगंबर छाती काढून म्हणाला. "विनय साक्षीला आहे."

त्या वर्षी दसरा आठवड्याच्या मधेच आला होता. आम्ही तो नेहमीसारखा शनिवार-रविवारवर ढकलला. शनिवारी संध्याकाळी चांदोरकरांकडे खंडेनवमी होती. इतर घरांत स्क्रू ड्रायव्हर आणि शिलाई मशीन पुजतात, इथे पाटावर पिस्तूल आणि तिन्ही मॅगझीनं. पूजेआधी शस्त्र पुसून तेल लावायला हवं, तर नेमकं बंदुकीचं तेल संपलेलं.

"अगं, तेल दे जरा कसलं तरी," दिगंबर ओरडला.

मालिनीने आतून बाटली आणून दिली. याने बघितलंही नाही. एकेका मॅगझीनच्या तोंडात सढळ हाताने तेल ओतलं, हळदकुंकू वाहिलं आणि गोळ्या भरून सगळं पेटीत घालून पेटी गाडीच्या डिकीत ठेवली. उद्या सकाळी नेमबाजीला निघताना घाई नको, म्हणून. मला त्या तेलाचा वास आला होता, पण माझं लक्ष श्रीखंडाकडे होतं.

सकाळी गवतावर दव गोठलं होतं. नेमबाजीचं मैदान उघड्यावर होतं. दिगंबरने मंडळातल्या चारुदत्त आणि नरेंद्रलाही मुद्दाम बोलावलं होतं, पराक्रम बघायला. पाय फाकवून तो उभा राहिला, लांबडं मॅगझीन सरकवलं, चाप ओढला. पहिला बार झाला. दुसऱ्याला नुसतंच खट्. दुसरी गोळी वर आलीच नव्हती.

"चीप मॅगझीन," तो म्हणाला. दुसरं लांबडं घातलं. एक बार आणि खट्.

मग त्याने मूळ मॅगझीन काढलं. "हे कंपनीचं आहे. आता बघा." आम्ही बघितलं. एक बार आणि खट्.

चारुदत्त खोकल्याचं निमित्त करून गाडीकडे गेला. मी ते मॅगझीन हातात घेतलं. आत गोळ्यांभोवती पांढरं, मेणासारखं काहीतरी घट्ट बसलं होतं आणि गोळ्या त्यात रुतल्या होत्या. मी नखाने खरवडून हुंगलं, कालचाच वास, आणि मॅगझीन त्याला परत दिलं.

"फॅक्टरी ग्रीस आहे ते," तपासनीस म्हणाला. "काढायचं राहिलं त्यांचं."

दिलेला शब्द चौघांत दिला होता, त्यामुळे मोडता येईना. त्याच दुपारी तोंड पाडून तो पिस्तूल दुकानात परत देऊन आला. पुढे कित्येक वर्षं गाडीत मी ऐकत राहिलो, की आजकाल कंपनीच्या मॅगझीनचाही भरवसा राहिला नाही. त्याच्या नाकाखाली घडलेली गोष्ट त्याला कधी कळली नाही. कळेल अशी आशाही मी ठेवली नाही.

संध्याकाळी सोनं द्यायला गेलो तेव्हा मालिनी सिंकपाशी होती. गरम पाण्याच्या भांड्यात खोबरेल तेलाची बाटली उभी होती आणि आतलं गोठलेलं पांढरं तेल हळूहळू वितळत होतं.

मी हळूच विचारलं, "मालिनी, थंडीत हे गोठतं, हे काल लक्षात नव्हतं तुझ्या?"

तिने बाटली पुसली, सीमाला हाक मारून समोर बसवलं आणि तिची वेणी सोडायला घेतली.

"विनयभावजी," ती म्हणाली, "रोज या डोक्याला तेल लावते मी. माझ्या लक्षात राहणार नाही?"