ज्यादा फेस, कम घिसाई

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, इंदूरजवळच्या हातोदच्या बाजारात एका बाईचं तोंड लाल झालं त्याला मी जबाबदार आहे. माझे वडील नाहीत, त्यांचा साबण नाही, साबणातला कॉस्टिक सोडाही नाही. मी, आणि माझी इंदुरी मराठी. हा कबुलीजबाब द्यायला मला इतकी वर्षं लागली, कारण आधी इतरांवर चिडून घ्यायचं होतं, आणि ती यादी लांब होती.

पहिला मान मिलचा. बाबा तिथे ब्लीच खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते. मळकट कोरं कापड आत यायचं आणि बगळ्यासारखं होऊन बाहेर पडायचं, ही करामत त्यांच्या खात्याची. बावीस वर्षं केली. एके सकाळी फाटकावर कागद दिसला, मिल बंद. कागद चुरगळलेला होता आणि बाबांना राग त्याचाच जास्त आला. बावीस वर्षांनंतर निदान इस्त्रीचा कागद लावायचा, म्हणाले.

दुसरा मान माझ्या मामाचा. पंधरा दिवसांत त्याने टीव्हीच्या एका नव्या शोरूमच्या गोदामावर बाबांसाठी चौकीदाराची जागा पाहिली आणि खाकी वर्दीही घेऊन आला. आता परदेशी माल येणार, तेव्हा आपल्यासारख्यांनी दारात उभं राहायला शिकावं, असं त्याचं अर्थशास्त्र होतं. आईने वर्दी खिळ्याला टांगली आणि इस्त्री करायला साफ नकार दिला. बाबा म्हणाले, दिवाळीपर्यंत कपड्यांचा साबण करून बघतो. नाही चालला तर घालीन.

तिसरा मान, आणि इथे माझा आवाज आजही चढतो, उद्योग खात्यातल्या बाबूचा. लघुउद्योगाच्या नोंदणीच्या अर्जात अनुभवाचा रकाना होता. बाबांनी लिहिलं, कॉस्टिक हाताळण्याचा अनुभव बावीस वर्षे. बाबू म्हणाला, मिलचा दाखला लाओ. बाबा म्हणाले, मिल बंद आहे.

"तो काकाजी, जब चालू हो जाए तब ले आना," तो म्हणाला, आणि समोसा खाऊ लागला.

तेव्हा टीव्हीवर रोज सांगत होते की देशाचे दरवाजे उघडले. आम्ही ते दरवाजे शोधत त्या कार्यालयाला अकरा खेपा घातल्या. बाराव्या खेपेला बाबांनी पांढरं कापड नेलं, त्यावर बाबूच्याच शाईचा डाग पाडला आणि त्याच्याच टेबलावर घरी केलेल्या साबणाने धुऊन दाखवला. फाइली भिजल्या. सही मिळाली.

बंद पडलेल्या पोह्याच्या कारखान्याची शेड भाड्याने घेतली. कढई, लाकडी साचे, वड्या कापायची तार, मोहाचं तेल. कॉस्टिक पाण्यात पडलं की पाणी आपोआप तापतं. बाबा त्या वाफेपासून तोंड वळवून उभे राहायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, आता थंड होतंय. आई वड्या फळ्यांवर वाळत मांडायची. मी बी.ए.ला होते, म्हणून घरातलं साहित्य माझ्याकडे होतं. म्हणजे लेबल.

लेबल हिंदीत हवं होतं. मी लिहिलं, 'ज्यादा फेस, कम घिसाई'. फेस हा शब्द मोठा, लाल. आमच्या घरात 'पाणी गरम झालं क्या' आणि 'वो पातेला उचल' असं सगळं एकाच वाक्यात चालायचं. कोणता शब्द कुठल्या भाषेतून आला हे विचारायची पद्धत नव्हती. फेस हिंदीतही फेसच असणार, अशी माझी खात्री होती. राजवाड्याजवळच्या छापखानेवाल्याने वाचून मान डोलावली. तोही मराठी.

पहिला माल हातोदच्या एका दुकानदाराने घेतला. पाचव्या दिवशी तो सगळी खोकी टेम्पोत घालून परत आला. पुढच्या सीटवर एक म्हातारी, पदराने तोंड झाकलेली.

"काकाजी, ये क्या लिख दिया? आधा हातोद इससे मुँह धो रिया है!"

टीव्हीवर फेस क्रीम होतं, फेस पावडर होती, तोच शब्द लाल अक्षरांत आमच्या साबणावर, आणि वर कमी घासा अशी सूचना. लोकांचं काय चुकलं? मी फणकाऱ्याने सांगितलं की भिया, फेस म्हणजे झाग. तो म्हणाला, तो झाग लिखना था ना बेन. ते बरोबर होतं, म्हणून मी आणखी चिडले.

दुकानदार खोकी उतरवू लागला. हा माल शेडमध्ये परत गेला की दिवाळीची वाट बघायचं कारण उरत नव्हतं. बाबांना वर्दी घालावी लागणार होती. आईने वड्या मांडायचं थांबवून हात पुसले.

बाबा म्हातारीसमोर हात जोडून उभे राहिले. ती भांडायलाच आली होती. तिने झटक्यात पदर काढला. गाल टोमॅटोसारखे लाल. पण ब्लीच खात्याची नजर गालांवर थांबली नाही. कधीकाळी पांढरं असलेलं तिचं लुगडं पिवळं पडलं होतं, आणि तोंड पुसलेला पदराचा कोपरा तेवढा बगळ्यासारखा होता. बाबांनी हळूच विचारलं, आजी, हे लुगडं किती वर्षांचं?

मामाची वर्दी पुढे शेडमध्ये कढया पुसायला कामी आली, आणि नव्या लेबलावर मी झाग लिहिलं. दोन्ही गोष्टी घडल्या त्या पुढच्या एका वाक्यामुळे. म्हातारीने कोपऱ्याकडे पाहिलं, मग उरलेल्या लुगड्याकडे, पुन्हा कोपऱ्याकडे. तोंड जळाल्याचं भांडण विसरून तिने तो कोपरा दुकानदाराच्या नाकासमोर धरला, आणि तिच्या तोंडून माळवीत निघून गेलं,

"मूंडो तो बळी ग्यो भिया, पण लुगड़ो देखो, कसो उजळो हुइ ग्यो!"